मेनफ्रेम डेटाबेसवर काम करणाऱ्यांसाठी वेब आणि एक्सएमएल प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव नोंदवण्याआधी लोक जे विचारतात आणि सत्राच्या मधल्या सुटीत जे विचारतात, ते दोन्ही इथं एकत्र केलं आहे. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणारा मोठा संगणक, आणि एक्सएमएल म्हणजे नावांच्या खुणा (टॅग) लावून डेटा लिहिण्याची पद्धत. काही प्रश्नांना एका ओळीत उत्तर पुरतं. काहींना जास्त जागा दिली आहे, कारण प्रत्यक्ष काम तिथंच अडतं.

ही सत्रं नेमकी कोणासाठी आहेत?

ज्यांचा दिवस मेनफ्रेमच्या डेटाबेसवर, म्हणजे डीबी२, आयएमएस, आयडीएमएस किंवा अ‍ॅडाबासवर जातो, जे कोबोल, पीएल/१ किंवा नॅचरल या भाषांत प्रोग्राम लिहितात, आणि ज्यांच्या टेबलावर आता "हाच डेटा मोबाइल अ‍ॅपला द्या", "समोरून एक्सएमएल येईल, तो वाचून घ्या" अशी कामं येऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी. मेनफ्रेम सोडून जायची तयारी म्हणून कोणी येणार असेल तर आधीच सांगतो, त्यासाठी ही सत्रं नाहीत. डेटा आहे तिथंच राहावा आणि बाहेरच्या जगाशी त्याचं बोलणं नीट व्हावं, एवढ्यासाठी ती आहेत.

वीस-पंचवीस वर्षं ग्रीन स्क्रीनवर गेली. आता वेब शिकायला जमेल का?

जमेल. धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही, त्याला कारण आहे.

ग्रीन स्क्रीन म्हणजे मेनफ्रेमला जोडलेलं, फक्त अक्षरं दाखवणारं टर्मिनल. आयबीएमचं ३२७० टर्मिनल १९७१ साली आलं. नेहमीची स्क्रीन २४ ओळी आणि ८० स्तंभांची, म्हणजे १,९२० अक्षरांची. तिच्यावर काम कसं चालतं ते आठवून पाहा. तुम्ही फील्डमध्ये टाइप करत असता तेव्हा मेनफ्रेमला त्यातलं काहीच कळत नाही. एंटर किंवा पीएफ की दाबली की बदललेली फील्डं एकदम निघतात, प्रोग्राम जागा होतो, काम करतो, नवी स्क्रीन पाठवतो आणि संपतो. वेबवरचा फॉर्मही असाच चालतो. ब्राउझरमध्ये भरलेला मजकूर 'सबमिट' दाबेपर्यंत सर्व्हरला माहीत नसतो. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या पद्धतीला, आधीची विनंती आठवत नाही. सीआयसीएस या मेनफ्रेमवर व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीतला सूडो-कन्व्हर्सेशनल प्रोग्रामसुद्धा दोन स्क्रीनच्या मध्ये जिवंत नसतो, म्हणून तर पुढच्या फेरीला लागणारी माहिती आपण कॉमएरिया या राखीव जागेत ठेवून परततो. वेबवाले सेशन आणि कुकी म्हणतात ते याच गरजेचं उत्तर आहे.

हा सारखेपणा आम्ही पहिल्याच तासाला फळ्यावर मांडतो. पण एक फरक तेव्हाच ठासून सांगतो. कॉमएरिया मेनफ्रेमच्या ताब्यात असतो, वापरणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. वेब फॉर्ममधलं लपवलेलं फील्ड मात्र ब्राउझरमध्ये जातं आणि कोणीही ते बदलून परत पाठवू शकतो. त्यामुळे "हे मीच पाठवलं होतं, मग तपासायचं कशाला" ही सवय वेबवर सोडावी लागते. जुन्या माणसांना नवी भाषा शिकण्यापेक्षा ही एक सवय सोडणं जड जातं, असं मला वारंवार दिसलं आहे.

आधी काय यायला हवं?

एक तरी मेनफ्रेम डेटाबेस आणि कॉपीबुक (रेकॉर्डची रचना सांगणारा कोबोलचा मजकूर) वाचता येणं. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, जावा यांतलं काही येत नसलं तरी चालेल.

सत्रांची रचना कशी आहे?

आठ सत्रं, प्रत्येकी तीन तासांची, दोन सत्रांच्या मध्ये किमान दोन दिवस मोकळे. पहिली दोन वेबच्या पायावर: एचटीटीपी, एचटीएमएल फॉर्म, विनंती आणि प्रतिसाद, स्थिती-क्रमांक. पुढची तीन एक्सएमएलवर: रचना, नेमस्पेस (नावांची टक्कर टाळण्याची सोय), स्कीमा (रचनेचे नियम), एक्सपाथ (आतल्या घटकाचा पत्ता लिहिण्याची भाषा) आणि थोडं एक्सएसएलटी (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करण्याची भाषा). सहावं पूर्ण सत्र अक्षरं आणि आकडे यांच्या रूपांतराला दिलं आहे. सातव्यात सेवा बांधायच्या आणि आठव्यात आपलाच एक जुना ट्रान्झॅक्शन घेऊन तो बाहेरून वापरता येईल असा करायचा.

सगळं सलग दोन दिवसांत उरकावं, असा आग्रह पुष्कळदा होतो. आम्ही तो मानत नाही. मधल्या मोकळ्या दिवसांत लोक स्वतःच्या कामावर जातात, तिथली एखादी फाइल नव्या नजरेनं पाहतात आणि पुढच्या सत्राला खरे प्रश्न घेऊन येतात.

एक्सएमएल म्हणजे नेमकं काय? कॉपीबुकपेक्षा त्यात वेगळं काय आहे?

कॉपीबुकात डेटाचा अर्थ डेटाच्या बाहेर असतो. रेकॉर्ड म्हणजे नुसती बाइटची रांग. अकराव्या बाइटपासून नाव सुरू होतं, हे कॉपीबुक हाती असेल तरच कळतं. एक्सएमएलमध्ये नाव डेटाबरोबरच प्रवास करतं:

<ग्राहक क्रमांक="००४२१७">
<नाव>सुमती</नाव>
<शिल्लक>१२३४५.६७</शिल्लक>
</ग्राहक>

इथं टॅग देवनागरीत लिहिले आहेत ते केवळ समजावण्यासाठी नाहीत. एक्सएमएल १.० मध्ये देवनागरी नावं खरोखरच वैध आहेत आणि नियमानं चालणारा कोणताही पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) ती स्वीकारतो. शिल्लक दाखवणारे आकडे मात्र प्रत्यक्षात इंग्रजी अंकांतच (0 ते 9) लागतील, कारण स्कीमातला दशांश प्रकार तेच अंक ओळखतो.

एक्सएमएल १.० ही डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस १० फेब्रुवारी १९९८ची. तिच्या मागे एसजीएमएल हे १९८६चं आयएसओ मानक आहे, आणि त्याच्याही मागे १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी सुरू केलेली जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जुळवली की जीएमएल हेच नाव तयार होतं. यांतले रेमंड लोरी पुढे सिस्टम आर या आयबीएमच्या डेटाबेस प्रकल्पातही होते, आणि डीबी२चा वंश त्याच प्रकल्पाकडे जातो. म्हणजे एक्सएमएल आणि डीबी२ एकाच अंगणातून निघाले. "हे बाहेरचं खूळ आमच्यावर लादलं" असं वाटणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मी आयएमएसवर आहे, शेजारचा डीबी२वर. दोघांना एकच सत्र कसं चालेल?

पाया एकच आहे, वळणं वेगळी.

आयएमएसवाल्यांना एक्सएमएल सर्वांत लवकर कळतो. १९६८ सालापासून चालू असलेला हा डेटाबेस मुळात झाडासारखाच आहे: रूट सेगमेंट, त्याखाली अपत्य, एकाच पालकाखाली जुळी भावंडं. एसएसए (शोधाची अट) लावून गेट-युनिक (नेमका एक सेगमेंट आणण्याचा आदेश) करताना तुम्ही "अमुक ग्राहकाखालचं तमुक खातं" असंच सांगत असता. एक्सपाथमध्येही तेच सांगायचं असतं, फक्त मध्ये तिरक्या रेघा येतात. गेट-नेक्स्ट करत पुढे सरकणं आणि पार्सरनं एकेक टॅग हाती देणं, यांतही फार अंतर नाही.

डीबी२वाल्यांना उलटं अवघड जातं. त्यांच्या डोक्यात तक्ते आणि जॉइन (तक्ते एकमेकांना जोडणं) असतात, क्रमाला अर्थ नसतो. एक्सएमएलमध्ये घटकांचा क्रम अर्थपूर्ण असतो आणि "एकाखाली अनेक" हे जॉइन न करता समोर दिसतं. पण त्यांच्या हाती एक मोठं साधन असतं. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेतच एक्सएमएलएलिमेंट, एक्सएमएलफॉरेस्ट आणि एक्सएमएलएजीजी ही फंक्शनं आहेत. ओळींचे गट करून त्यांचं झाड बांधण्याचं काम एका क्वेरीत होतं.

अ‍ॅडाबासवाल्यांची मल्टिपल-व्हॅल्यू फील्डं आणि पीरिऑडिक ग्रुप (एकाच रेकॉर्डमध्ये पुन्हा पुन्हा येणारी मूल्यं आणि गट) हे पुनरावृत्त घटकांमध्ये सहज उतरतात. आयडीएमएसवाल्यांना मात्र सावध राहावं लागतं. तिथं एकच मेंबर रेकॉर्ड दोन वेगवेगळ्या सेटमध्ये दोन मालकांखाली असू शकतं, आणि झाडात एका फांदीला दोन बुंधे चालत नाहीत. अशा वेळी एक मालक घरचा धरायचा आणि दुसऱ्याची किल्ली संदर्भ म्हणून द्यायची. कोणता मालक घरचा, हे घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावं. या एका निर्णयावर आम्ही गटात अर्धा तास चर्चा होऊ देतो.

आता सगळे जेसन वापरतात. मग एक्सएमएल कशाला शिकायचं?

जेसन ही डेटा लिहिण्याची दुसरी, सुटसुटीत पद्धत. नवी सेवा बांधताना, विशेषतः ब्राउझर किंवा मोबाइलसाठी, जेसनच घ्या. आम्हीही सातव्या सत्रात जेसनच वापरतो. पण मेनफ्रेमच्या दारात जे संदेश येतात त्यांतले पुष्कळ एक्सएमएलमध्येच असतात आणि राहणार आहेत. बँकांमधल्या पैशांच्या हस्तांतरासाठीचं आयएसओ २००२२ मानक घ्या. स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यात सीमापार देयकांसाठी जुन्या एमटी संदेशांसोबत हे नवे संदेश मार्च २०२३ पासून चालू झाले आणि दोन्ही एकत्र चालण्याचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. हे संदेश एक्सएमएलमध्ये असतात. ते वाचून खात्यांना लावणारं यंत्र बऱ्याच ठिकाणी मेनफ्रेमच आहे.

दुसरं कारण स्कीमाचं. कोणता घटक किती वेळा येईल, रक्कम किती अंकांची, तारीख कशी लिहायची, हे एक्सएमएल स्कीमात करारासारखं लिहिता येतं आणि संदेश आत घेण्याआधीच यंत्राकडून तपासून घेता येतं. पिक्चर क्लॉजवर (फील्डची लांबी आणि प्रकार सांगणारा कोबोलचा भाग) वाढलेल्या माणसाला हे आपलं वाटतं.

बाहेर पाठवलेल्या फाइलमध्ये अक्षरं बिघडतात. का?

सहावं सत्र ज्या प्रश्नामुळे जन्मलं तो हा.

मेनफ्रेम एबसिडिक बोलतो, वेब यूटीएफ-८ बोलतं. दोन्ही म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून देणारी कोष्टकं, आणि ते आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, लिहितात. मोठा 'ए' एबसिडिकमध्ये हेक्स सी१ असतो, आस्की आणि यूटीएफ-८ मध्ये ४१. मधली जागा इकडे ४०, तिकडे २०. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि रूपांतराचे तक्तेही हे व्यवस्थित करतात. घोटाळा होतो तो एबसिडिक एकच नाही, त्याची वेगवेगळी कोष्टकं (कोड पेज) आहेत म्हणून. कोड पेज ०३७ मध्ये डावा चौकोनी कंस बीए वर आहे, १०४७ मध्ये एडी वर, ५०० मध्ये ४ए वर. इंग्रजी अक्षरं आणि अंक तिन्हींत जागच्या जागी असतात, त्यामुळे नेहमीची चाचणी सुखरूप पार पडते आणि कंस आला की फाइल फुटते.

माझ्या स्वतःच्या कामात हे एकदा घडलं आहे. १०४७ मध्ये तयार केलेली फाइल ०३७ समजून बदलली गेली. डाव्या चौकोनी कंसाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'वाय' उमटला. एक्सएमएलमधल्या सीडेटा विभागाच्या (ज्यातला मजकूर टॅग न मानता जसाच्या तसा घेतात) सुरुवातीच्या खुणेतच चौकोनी कंस असतो, त्यामुळे ज्या संदेशांत तो विभाग होता तेवढेच नाकारले जात होते, बाकीचे बिनबोभाट जात होते. दोन दिवस आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. तेव्हापासून मी कोणतीही फाइल तपासताना आधी हेक्स चालू करतो. तुम्हालाही तीच सवय लावणार आहे. जेसनमध्ये तर प्रत्येक यादी चौकोनी कंसानं सुरू होते, तिथं हा त्रास पहिल्याच दिवशी दिसतो.

ओळ संपवण्याच्या खुणेतही असाच पेच आहे. एबसिडिकमधली नवी ओळ, हेक्स १५, काही तक्त्यांनुसार युनिकोडमधल्या एनईएल या चिन्हात बदलते, आणि एक्सएमएल १.० त्या चिन्हाला मोकळी जागा मानत नाही. २००४ साली आलेल्या एक्सएमएल १.१ मध्ये ते ओळीचा शेवट म्हणून मान्य झालं, आणि त्यामागे मेनफ्रेमची हीच अडचण होती. पण १.१ फार कुणी वापरत नाही, म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: १.० मध्येच राहा आणि रूपांतराचा तक्ता तपासा.

तिसरी गोष्ट पहिल्या ओळीची. एक्सएमएलच्या घोषणेत एन्कोडिंग लिहिलेलं असतं. फाइल वाटेत कोणी बदलली पण घोषणा तशीच राहिली, तर मजकूर एका भाषेत आणि पाटी दुसऱ्या भाषेत अशी स्थिती होते. रूपांतर कुठे होणार हे एकाच जागी ठरवा आणि इतर प्रत्येक टप्प्यावर फाइल बायनरी म्हणून हलवा.

देवनागरी नावं मेनफ्रेमच्या फील्डमध्ये बसतील का?

बसतील, पण फील्डची लांबी पुन्हा मोजावी लागेल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हं असतात. 'ग्राहक' हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द. आत मात्र ग, हलन्त, र, काना, ह, क अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. तीस बाइटच्या नावाच्या फील्डमध्ये अशी दहाच चिन्हं मावतात. अकरावं कापलं गेलं तर नाव अपुरं राहतं, आणि काप एखाद्या चिन्हाच्या मधोमध बसला तर पूर्ण दस्तऐवजच अवैध ठरतो. कोबोलमधला नॅशनल प्रकार यूटीएफ-१६ वापरतो. तिथं याच शब्दाला बारा बाइट पुरतात.

पॅक्ड डेसिमल आकड्यांचं काय होतं?

पॅक्ड डेसिमल म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवणं, कोबोलमध्ये त्याला कॉम्प-३ म्हणतात. नऊ अंकी, दोन दशांश असलेलं कॉम्प-३ फील्ड पाच बाइटचं असतं. १२३४५.६७ ही रक्कम त्यात ०० १२ ३४ ५६ ७सी अशी बसते. शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा. दशांश बिंदू कुठेच साठवलेला नसतो, तो पिक्चरमधल्या 'व्ही'त असतो. असं रेकॉर्ड टेक्स्ट मोडमध्ये एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीनं पाठवलं की प्रत्येक बाइट अक्षर समजून बदलला जातो आणि रक्कम कायमची जाते, परत आणता येत नाही. म्हणून पॅक्ड फील्ड असलेली फाइल बाहेर पाठवायची तर आधी मेनफ्रेमवरच तिचे वाचनीय आकडे करा.

पुढचा धोका पलीकडच्या टोकाला आहे. जावास्क्रिप्टमधली नेहमीची संख्या दुहेरी अचूकतेची फ्लोटिंग पॉइंट असते. तिच्यात पूर्णांक नऊ हजार सात लाख कोटींच्या थोडं पुढे, म्हणजे दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतच, खात्रीनं बसतात. ९००७१९९२५४७४०९९३ हा सोळा अंकी क्रमांक जेसनमध्ये संख्या म्हणून पाठवा, ब्राउझरमध्ये शेवटी ९९२ दिसेल. त्रुटीचा संदेश येत नाही, लॉगमध्ये काही नसतं, क्रमांक फक्त वेगळा असतो. खातेक्रमांकावर बेरीज-वजाबाकी कधीच होत नाही, म्हणून तो मजकूर म्हणूनच पाठवायचा. रकमेसाठी जावात बिगडेसिमल, स्कीमात दशांश प्रकार. फ्लोट कुठेही नको, हे मी विनंतीच्या नव्हे, नियमाच्या सुरात सांगतो.

आमच्या खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब झाली. असं का झालं?

बहुतेक ते फील्ड कॉपीबुकात अंकी आहे आणि तुम्ही कोबोलचं एक्सएमएल जनरेट वापरलं. ते अंकी फील्डच्या सुरुवातीची शून्यं आणि मजकुराच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकतं. फील्ड आधी अल्फान्यूमेरिकमध्ये हलवा.

कोबोलमधून थेट एक्सएमएल वाचता-लिहिता येतो का?

येतो, आणि पुष्कळांना हे माहीत नसतं. एंटरप्राइझ कोबोलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून, एक्सएमएल पार्स हे विधान भाषेतच आहे. जेसनसाठीची विधानं सहाव्या आवृत्तीत आली.

एक्सएमएल पार्स तुमच्या एका पॅराग्राफला पुन्हा पुन्हा बोलावतं: घटक सुरू झाला, मजकूर आला, घटक संपला. कोणती घटना ते एक्सएमएल-इव्हेंटमध्ये कळतं, मजकूर एक्सएमएल-टेक्स्टमध्ये मिळतो. नवशिका इथं एक चूक हमखास करतो. मजकूर एकदाच येईल असं धरून तो सरळ फील्डमध्ये मूव्ह करतो. पण एकाच घटकाचा मजकूर तुकड्यांनीही येऊ शकतो, आणि मग शेवटचा तुकडा तेवढा उरतो. मजकूर जमवत राहायचा आणि घटक संपल्याची घटना आली की मगच वापरायचा.

लिहिण्याच्या बाजूला, एक्सएमएल जनरेट कॉपीबुकातली फिलर (बिननावाची जागा) आणि रिडिफाइन्स (त्याच जागेचा दुसरा अर्थ) असलेली फील्डं सोडून देतं. एकाच जागेचे तीन अर्थ असलेली जुनी रेकॉर्डं तशीच देऊ नका. बाहेर दाखवण्यासाठी एक स्वच्छ रचना वेगळी लिहा आणि तिच्यात मूव्ह करा. टॅगची नावंही त्यानिमित्तानं माणसाला वाचता येतील अशी ठेवता येतात.

लो-व्हॅल्यूज, मोकळ्या जागा आणि नल: बाहेर काय पाठवायचं?

लो-व्हॅल्यूज, म्हणजे हेक्स शून्य, एक्सएमएलमध्ये कोणत्याही रूपात चालत नाही. ते आधी पुसा. बाकी दोघांसाठी एक प्रश्न विचारा: ही माहिती नाही, की आहे पण रिकामी आहे? डीबी२मध्ये 'मूल्यच नाही' अशी खूण करणारा नल इंडिकेटर हा फरक सांगतो. जुन्या फाइलींमध्ये मात्र मोकळ्या जागांचे दोन्ही अर्थ होतात आणि खरा कोणता, हे फक्त तिथं वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला माहीत असतं. तारखेच्या जागी सगळे नऊ म्हणजे "मुदत नाही", हे कोणत्याच स्कीमात लिहिलेलं नसतं. ते तुमच्याकडे असतं. असे संकेत लिहून काढायला आम्ही घरचा अभ्यास देतो, आणि माझ्या मते सत्रांमधून निघणारी सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे ही यादी.

आलेला एक्सएमएल डीबी२मध्ये तसाच ठेवावा की तोडून कॉलममध्ये घालावा?

डीबी२च्या नवव्या आवृत्तीपासून, २००७ साली, झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमवर एक्सएमएल हा स्वतंत्र डेटाप्रकार मिळाला. दस्तऐवज नुसता मजकूर म्हणून न राहता झाडाच्या रूपात साठतो, त्यातल्या मार्गावर इंडेक्स करता येतो आणि एक्सएमएलटेबल वापरून त्याच्या ओळी काढता येतात.

मी असं करतो: ज्यावर रोज शोध, बेरीज किंवा जॉइन होतं ते कॉलममध्ये, आणि मूळ संदेश पुरावा म्हणून एक्सएमएल कॉलममध्ये जसाच्या तसा. काही महिन्यांनी "तुम्ही पाठवलेलं चुकीचं होतं" असा वाद निघतो तेव्हा तोच कामी येतो. सगळंच एक्सएमएलमध्ये ठेवून प्रत्येक अहवालाला एक्सपाथ चालवणं मला पटत नाही.

जुन्या स्क्रीनलाच वेबचं रूप दिलं तर भागणार नाही का?

तात्पुरतं भागतं. स्क्रीनवरच्या जागा मोजून डेटा उचलणारी साधनं आहेत आणि निकडीला ती चालतात. पण कोणी स्क्रीनवरचं फील्ड दोन स्तंभ सरकवलं की पलीकडचं काम बंद पडतं. टिकाऊ वाट म्हणजे स्क्रीनचा कोड आणि व्यवहाराचा कोड वेगळा करणं. ज्या प्रोग्राममध्ये मॅप (स्क्रीनचा आराखडा) पाठवणं आणि खातं अद्ययावत करणं एकाच पॅराग्राफमध्ये गुंतलेलं आहे तिथं आधी ती गाठ सोडवावी लागते. एकदा ती सुटली की त्याच व्यवहाराला झेड/ओएस कनेक्ट, सीआयसीएसच्या वेब सेवा किंवा डीबी२ची स्वतःची रेस्ट (एचटीटीपीवरून चालणारी) सेवा, यांतलं काहीही लावता येतं. बत्तीस केबीच्या कॉमएरियात न मावणाऱ्या संदेशांसाठी चॅनल आणि कंटेनर आहेत.

कोणी 'पैसे पाठवा' दोनदा दाबलं तर?

टर्मिनलवर एंटर दाबल्यावर कीबोर्ड अडतो, ब्राउझरमध्ये तसं होत नाही. शिवाय जाळं मध्येच तुटलं तर व्यवहार झाला की नाही हे समोरच्याला कळतच नाही आणि त्याचा प्रोग्राम आपोआप पुन्हा विनंती पाठवतो. म्हणून पैसे हलवणाऱ्या प्रत्येक विनंतीबरोबर पाठवणाऱ्याचा एक अद्वितीय क्रमांक घ्या. तो क्रमांक आणि खात्यातला बदल एकाच कमिटमध्ये (बदल एकत्र पक्के करण्याच्या टप्प्यात) लिहा. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम न करता आधीचंच उत्तर द्या.

लॉकची, म्हणजे रेकॉर्ड इतरांसाठी अडवून ठेवण्याची, काळजी तुम्हाला नवी नाही. वापरणारा विचार करत असताना लॉक धरून बसायचं नाही, अद्ययावत करताना रेकॉर्ड पुन्हा वाचून ते बदललं आहे का पाहायचं, हे आपण आधीपासून करतो. एचटीटीपीत ईटॅग आणि इफ-मॅच ही हेडर याच तपासणीसाठी आहेत.

सुरक्षेबद्दल काय शिकवता?

दोन गोष्टींवर भर आहे. कोबोलमधलं स्टॅटिक एसक्यूएल आधीच बाइंड झालेलं असतं, होस्ट व्हेरिएबलमध्ये काहीही आलं तरी ते मूल्यच राहतं, म्हणून एसक्यूएल इंजेक्शन (भरलेल्या मजकुरातून घातक क्वेरी घुसवणं) तुम्ही कधी पाहिलेलं नसतं. वेबच्या बाजूला कोणी मजकूर जोडून जोडून क्वेरी बनवत असेल तर ते संरक्षण तिथं संपतं. दुसरी गोष्ट एक्सएमएलची आपली: डीटीडीमध्ये (दस्तऐवजाच्या रचनेची घोषणा) एकमेकांत गुंफलेल्या एन्टिटी (मजकुराची लघुनावं) लिहून काही ओळींचा दस्तऐवज उलगडताना अब्जावधी शब्दांचा करता येतो, आणि बाहेरची फाइल आत ओढणारी एन्टिटीही लिहिता येते. अनोळखी ठिकाणाहून येणाऱ्या एक्सएमएलसाठी डीटीडी बंद ठेवा.

एक्सएमएलमुळे सीपीयूचा खर्च वाढेल ना?

वाढतो. टॅगांमुळे संदेश मूळ रेकॉर्डच्या कितीतरी पट होतो आणि पार्सिंगला वेळ लागतो. झेड/ओएसच्या एक्सएमएल सेवांचं काम झिप या ठरावीक कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरवर जाऊ शकतं, तसं असेल तर भार हलका होतो. बॅचमध्ये लाखो रेकॉर्डं आपल्याच दोन प्रोग्राममध्ये द्यायची असतील तर मात्र एक्सएमएल मध्ये आणू नका. तिथं साधी सिक्वेन्शियल फाइलच योग्य.

जावा शिकावी लागेल का?

या सत्रांसाठी नाही. सरावात थोडी जावास्क्रिप्ट येते, तीही वाचता येण्यापुरती.

सरावासाठी खरा डेटा आणू का?

आणू नका. रचना खरी आणा, माणसं नकोत. नावं, क्रमांक, पत्ते बदललेली दहा-वीस रेकॉर्डं पुरतात, पण त्यांत तुमच्याकडची विचित्र उदाहरणं असू द्या: उणे शिल्लक, रिकामी तारीख, नावातला अपोस्ट्रॉफी, अँपरसँड असलेलं संस्थेचं नाव.

आमच्या वेब टीममधले तरुण सहकारी आले तर चालेल?

जरूर घेऊन या. सातव्या सत्रात आम्ही मुद्दाम जोड्या लावतो: एक मेनफ्रेमचा, एक वेबचा. एकजण कमिट, रोलबॅक आणि दशांशाची अचूकता समजावतो, दुसरा स्थिती-क्रमांक आणि ब्राउझरमधली साधनं दाखवतो. "तुमच्याकडे फील्ड रिकामं का येतं?" हा प्रश्न ईमेलवर तीन आठवडे फिरतो, तो शेजारी बसल्यावर दहा मिनिटांत सुटतो.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

तुम्ही सर्वांत जास्त वेळा उघडलेलं एक कॉपीबुक, छापील. त्यातल्या प्रत्येक फील्डसमोर लिहायला जागा सोडा.